विषाची संहिता आणि तिचे वाचन

१

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे केशर. आपल्याकडील कुंकवाचे मूळ मात्र हळदीत आहे. शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्याखालचा पदार्थ बदलला, आणि व्यवहारात कोणाचे काहीही अडले नाही. कारण कुंकू लेणारी स्त्री त्या शब्दावरून केशराचे अस्तित्व सिद्ध करावयास निघालेली नसते. शास्त्राची गोष्ट वेगळी आहे. तेथे जुन्या पदार्थाचे नाव नव्या पदार्थास दिले गेले आणि मग त्या नावावरूनच पदार्थाचे गुण ठरविले जाऊ लागले, तर निष्कर्षाचा पायाच डळमळतो. पिकांवर रोग पाडणाऱ्या बुरशींतील विषोत्पादक जनुकांचा शोध आज ज्या पद्धतीने चालला आहे, त्या पद्धतीचा विचार या दृष्टीने होणे अगत्याचे झाले आहे.

हा विचार केमच्या शिवारापासून दूरचा नाही. या भागातील रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरली जाते आणि काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. पीक फुलोऱ्यातून दाणे भरण्याकडे वळते, ओल संपत येते, आणि नेमक्या त्याच वेळी काही ताटे बुंध्यापाशी पोकळ व कोरडी होऊन लोळतात. ताट उभे चिरले असता आतील धाग्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे कण दिसतात. शेतकरी यास ‘खडखड्या’ म्हणतो. शास्त्रज्ञ त्यास कारण होणाऱ्या बुरशीस मॅक्रोफोमिना फॅसिओलिना म्हणतात. ही बुरशी जमिनीत राहते, पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगते, आणि दाण्याबरोबर कडब्याचेही नुकसान करते. ती ताटास मारते ती विषाच्या बळावर काय, आणि तसे असेल तर ते विष निर्माण करणारी जनुके कोणती, हा प्रश्न म्हणून केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. त्याचे उत्तर देण्यासाठी आज जे साधन सर्वप्रथम हाती घेतले जाते ते जनुकसंचाचे विश्लेषण होय. हे साधन काय सिद्ध करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

प्रथम या पद्धतीचे बळ मान्य केले पाहिजे. बुरशींमध्ये एखादे दुय्यम रसायन घडविण्यास लागणारी जनुके पुष्कळदा गुणसूत्रावर एकमेकांशेजारी, जणू एका परिच्छेदात, मांडलेली आढळतात. अफ्लाटॉक्सिन या विषाच्या घडणीतील सुमारे २५ जनुके अशीच एका सलग पट्ट्यात आहेत. या परिच्छेदांचा गाभा असलेली काही मोठी एंझाइमे ठराविक रचनेची असतात. त्यामुळे जनुकसंचाचे वाचन झाले की संगणकास ती रचना शोधण्यास सांगता येते. २०११ साली ‘अँटिस्मॅश’ नावाचे साधन उपलब्ध झाल्यापासून हे काम कोणत्याही विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे. पूर्वी एका जनुकाच्या मागे वर्षे घालवावी लागत. आता एका दिवसात संपूर्ण बुरशीतील संशयित परिच्छेदांची यादी समोर येते.

या वाचनाने खरोखरीचे शोधही लागले आहेत. गव्हाच्या पानांवर डाग पाडणाऱ्या स्टॅगोनोस्पोरा नोडोरम या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तीत ‘टॉक्सए’ हे जनुक आढळले. हे जनुक तोवर पायरेनोफोरा ट्रिटिसाय-रिपेंटिस या दुसऱ्याच बुरशीचे म्हणून ठाऊक होते. दोन्हींतील प्रती जवळजवळ अभिन्न होत्या. परंतु पहिल्या बुरशीत या जनुकाचे अनेक पाठभेद मिळाले, दुसरीत मात्र जवळपास एकच पाठ. यावरून ते पहिलीकडून दुसरीकडे गेले असावे, आणि तेही फार पूर्वी नव्हे, असा निष्कर्ष २००६ साली मांडण्यात आला. उसना शब्द मूळ भाषेत अनेक रूपांनी नांदतो आणि घेणाऱ्या भाषेत एकाच रूपाने येतो, हे शब्दव्युत्पत्तीच्या अभ्यासकास नवे नाही. पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलियातील, व २०२० साली भारतातील, बायपोलॅरिस सोरोकिनियाना या तिसऱ्या बुरशीतही हे जनुक असल्याचे प्रसिद्ध झाले. जनुकसंचाची तुलना केल्यावाचून हा प्रवास उलगडला नसता.

अर्थात, ‘वाचन’, ‘परिच्छेद’, ‘पाठभेद’, ‘प्रत’ हे शब्द येथे सहज येतात ते उगीच नव्हे. मराठीत जीनोमला ‘जनुकसंहिता’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे, आणि त्या नावात एक सिद्धांत दडलेला आहे: की ही एक लिहिलेली वस्तू आहे, आणि ती वाचता आली म्हणजे कळली. प्रश्न हा की संहिता वाचणाऱ्यांनी संहितावाचनाची शिस्तही पत्करली आहे काय? ती शिस्त सांगते की अक्षरे लावणे, अर्थ लावणे आणि त्या अर्थाचा व्यवहारातील परिणाम सांगणे ही तीन कामे आहेत. पुष्कळ जनुकसंच-निबंधांत ती एकात एक मिसळलेली दिसतात.

३

जनुक आहे म्हणून विष आहे, हा पहिला घोटाळा. त्याचे उत्तम प्रत्यंतर महाराष्ट्राच्या परिचयाच्या रोगातच मिळते. बाजरीवरील अरगट हा क्लॅव्हिसेप्स फ्यूसिफॉर्मिस या बुरशीमुळे होतो. १९५६–५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरी खाण्यात आल्याने विषबाधेची साथ आली. मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी अशी तिची लक्षणे होती. युरोपात राय या धान्यावरील अरगटाने मध्ययुगात जी भीषण दुखणी आणली, ज्यांत हातापायांची बोटे काळी पडून गळून जात, तसे काही येथे घडले नाही. रोगाचे नाव एकच, बुरशीचे कुल एकच, मग परिणाम भिन्न का?

२००७ साली या दोन अरगटांच्या विषोत्पादक परिच्छेदांची तुलना प्रसिद्ध झाली. रायवरील क्लॅव्हिसेप्स पुर्पुरिया ही बुरशी प्रथम क्लॅव्हिन गटातील द्रव्ये घडविते, त्यांपासून लायसर्जिक आम्ल आणि अखेर रक्तवाहिन्या आकुंचित करणारी मोठी अल्कलॉइडे तयार करते. बाजरीवरील बुरशी ॲग्रोक्लॅव्हिन व एलिमोक्लॅव्हिन येथेच थांबते. तिच्या परिच्छेदात पुढील काही जनुके मुळीच नाहीत; एक जनुक अर्धवट तुटलेले व वाचनचौकट बिघडलेले आहे; आणि ‘क्लोए’ नावाचे, एलिमोक्लॅव्हिनपासून लायसर्जिक आम्लाकडे नेणारे जनुक मात्र वरपाहता शाबूत आहे. त्यात निकामी ठरविण्याजोगा उघड दोष सापडला नाही. इतकेच नव्हे, तर ते व्यक्तही होते. तरीही ते काम करीत नाही. हे कळले ते अक्षरे पाहून नव्हे, तर रायवरील बुरशीतील तेच जनुक बाजरीवरील बुरशीत घातल्यावर लायसर्जिक आम्ल तयार झाले म्हणून.

या उदाहरणाचे महत्त्व फार आहे. केवळ यादी करणाऱ्याने ‘क्लोए: उपस्थित’ अशी नोंद केली असती, आणि त्या नोंदीवरून बाजरीच्या अरगटास लायसर्जिक आम्लाची क्षमता चिकटविली असती. वाक्य शुद्ध, उच्चारही झालेला, पण अर्थ हरपलेला, अशी ही अवस्था आहे. जपानात सोयाबीन व तांदूळ आंबविण्यासाठी शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या ॲस्परजिलस ओरायझीचीही कथा अशीच. तिचा जनुकसंच २००५ साली प्रसिद्ध झाला. अफ्लाटॉक्सिनच्या परिच्छेदाशी जुळणारा भाग तीत आहे, परंतु ती अफ्लाटॉक्सिन तयार करीत नाही. नुसत्या यादीवर विसंबणाऱ्याने जपानी स्वयंपाकघरास विषाचे कोठार ठरविले असते.

४

जनुक दिसत नाही म्हणून विष नाही, हा दुसरा घोटाळा पहिल्याची उलट बाजू होय. अमेरिकेत ‘व्हिक्टोरिया’ या वाणापासून निपजलेले ओटचे प्रकार तांबेऱ्यास दाद देत नाहीत म्हणून पसंत केले गेले, आणि त्याच वाणांवर एक नवा करपा आला. १९४६ साली त्याच्या बुरशीचे वर्णन झाले. तिचे व्हिक्टोरिन हे विष एक लहान चक्राकार पेप्टाइड आहे. अशी पेप्टाइडे बुरशी बहुधा रायबोसोमच्या साहाय्यावाचून, विशिष्ट मोठ्या एंझाइमांकरवी जुळविते, या समजुतीने शोध त्या एंझाइमांच्या जनुकांचा होत राहिला. २०२० साली स्पष्ट झाले की व्हिक्टोरिन रायबोसोमवरच घडते. त्याची जनुके पुनरावृत्तींनी भरलेल्या प्रदेशांत विखुरलेली आहेत. ती ‘परिच्छेदात’ नव्हती, म्हणून परिच्छेद शोधणाऱ्या नजरेस पडली नाहीत.

यात दोष साधनाचा नाही. साधन तेच शोधते जे त्यास शोधावयास सांगितले आहे. ज्ञात व्याकरणाचे नियम देऊन अज्ञात भाषेतील वाक्ये शोधली तर ज्ञात व्याकरणाची वाक्येच हाती येणार. म्हणून ‘या बुरशीत विषोत्पादक जनुके आढळली नाहीत’ या विधानाचा खरा अर्थ ‘परिचित नमुन्याची आढळली नाहीत’ एवढाच घ्यावयास हवा. निबंधाच्या गोषवाऱ्यात ही मर्यादा बहुधा गळून जाते, आणि गोषवाराच पुढे उद्धृत होतो.

५

तिसरा मुद्दा प्रतीचा आहे, आणि तो खडखड्याशी थेट निगडित आहे. मॅक्रोफोमिनाचा पहिला जनुकसंच २०१२ साली बांगलादेशातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. सुमारे ४.९ कोटी अक्षरांच्या त्या संचात १४,२४९ जनुकांचे अनुमान करण्यात आले. त्यातून वनस्पतीच्या पेशीभित्तिका विरघळविणाऱ्या एंझाइमांची समृद्धी आणि विषनिर्मितीशी संबंधित जनुके दिसून आली. हे काम मोलाचे आहे. परंतु ती बुरशी तागावरील होती. सोलापूरच्या कोरड्या काळ्या जमिनीतील, ज्वारीच्या ताटात वाढणारी बुरशी त्याच नावाची असली तरी तीच प्रत आहे असे गृहीत धरण्यास आधार काय?

हे गृहीतक धोक्याचे आहे, याचा पुरावा याच बुरशीच्या इतिहासात सापडतो. भारतातील जुन्या संशोधनात तिच्यापासून फॅसिओलिनोन हे वनस्पतींस घातक द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि पाठ्यपुस्तकांत तेच या रोगाचे विष म्हणून रूढ झाले. २००७ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सोयाबीनवरील बुरशीची तपासणी झाली, तेव्हा तीत बॉट्रिओडिप्लोडिन हे निराळेच विष मिळाले. फॅसिओलिनोनचा मागमूसही आढळला नाही. एकच नाव, दोन देश, दोन पिके, दोन रसायने. यांपैकी कोणते रसायन केमच्या ज्वारीच्या बुंध्यात कार्य करते, हे तागावरील बुरशीच्या जनुकसंचावरून सांगता येणार नाही. सोयाबीनवरील बुरशीच्या रसायनावरूनही सांगता येणार नाही.

पाठचिकित्सेची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांत भेद झाले होते म्हणूनच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. निरनिराळ्या प्रांतांतील व लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहिल्यावाचून एकाही पर्वाचा पाठ निश्चित केला गेला नाही. काश्मीरच्या एका पोथीवरून दक्षिणेतील पाठ सांगण्याचे धाडस त्या संपादकांनी केले नसते. बुरशीच्या बाबतीत मात्र पहिला वाचलेला जनुकसंच ‘संदर्भप्रत’ ठरतो, आणि पुढचे सारे वाचन त्याच्या आधाराने होते. स्ट्रॉबेरीसारख्या इतर पिकांवरील मॅक्रोफोमिनाचे संचही आता वाचले गेले आहेत. दिशा योग्य आहे. तथापि ज्या भागात रोग आहे त्या भागातील अनेक शेतांतून, ओलीच्या व दुष्काळी अशा दोन्ही वर्षांत, नमुने घेऊन केलेले वाचनच त्या भागाविषयी बोलण्याचा अधिकार देईल.

यासच जोडून नावांचा प्रश्न येतो. संगणक नव्या जनुकास नाव देतो ते जुन्या, ज्ञात जनुकाशी असलेल्या साम्यावरून. ते जुने नावही पुष्कळदा आणखी जुन्या साम्यावरूनच आलेले असते. मूळ प्रयोग एका बुरशीत एकदा झालेला, आणि त्यावरून पडलेले नाव मात्र शेकडो बुरशींत पसरलेले, असे घडते. केशराचे नाव हळदीस लागावे तसा हा प्रकार. फरक एवढाच की येथे त्या नावावरून केशराचे गुण सांगितले जातात.

६

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा ‘विष’ या शब्दाचा आहे. विष कोणास? हा प्रश्न विचारल्यावाचून हा शब्द शास्त्रीय लेखनात येऊ नये. टॉक्सए हे ‘विष’ सर्व गव्हासही विष नव्हे. ‘टीएसएन१’ हे जनुक ज्या वाणात असेल त्यासच ते मारते. ते काढून टाकलेल्या वाणावर ते निष्प्रभ ठरते. व्हिक्टोरिनही विशिष्ट ओटचाच घात करते. याउलट फ्युमोनिसिन हे माणसास व जनावरास अपाय करणारे द्रव्य आहे. १९९५ साली पावसात भिजलेली, बुरशी चढलेली ज्वारी व मका खाल्ल्याने आंध्र व कर्नाटकातील दख्खनच्या पठारावरील खेड्यांत पोटदुखी व जुलाब यांची साथ आली. तिच्या मुळाशी फ्युझेरियम बुरशीचे फ्युमोनिसिन असल्याचे निष्पन्न झाले. दोन्ही प्रकारांना मराठीत एकच शब्द आहे, आणि इंग्रजीवरून केलेल्या ‘विषोत्पादक जनुके’ या पारिभाषिक शब्दाने तो भेद अधिकच पुसला जातो.

याची झळ कोणास लागते ते पाहावे. ‘ज्वारीच्या बुरशीत विषाची जनुके सापडली’ असे वाक्य प्रयोगशाळेतून बाहेर पडले, तर त्याचा गावात होणारा अर्थ एकच: ज्वारी विषारी आहे. परंतु खडखड्याची बुरशी मुळात व ताटात वाढते. दाण्यावर चढणारी बुरशी वेगळी, आणि ती मुख्यतः दाणे भरताना पाऊस सापडणाऱ्या खरीप ज्वारीचे दुखणे आहे. रब्बी ज्वारी पाऊस सरल्यावर कोरड्या हवेत पक्व होते, म्हणून तिचा दाणा या संकटातून बहुतांशी सुटतो. ताटातील बुरशीविषयीचे विधान दाण्यास चिकटले तर भाकरीवर निष्कारण संशय येईल. उलटपक्षी, अवकाळी पावसात भिजलेल्या दाण्याविषयीची खरी सूचना त्याच गोंगाटात बुडून जाईल. कडबा खाणाऱ्या जनावराचा प्रश्न या दोहोंहून वेगळा आहे, आणि त्याची तपासणीही वेगळी व्हावयास हवी. म्हणून ‘वनस्पतिघातक द्रव्य’ आणि ‘अन्नविष’ असे दोन शब्द निदान विद्यापीठीय लेखनात कटाक्षाने वेगळे ठेवावेत. आणि तिसरीकडे, जेथे परिणाम तपासलेलाच नाही तेथे ‘साम्यावरून अनुमानित जनुक’ याहून अधिक बोलू नये.

७

हे सर्व म्हणजे जनुकसंच-विश्लेषणाचा निषेध नव्हे. त्याचा योग्य उपयोग कसा होतो याचा एक नमुना २००७ सालचाच आहे. ॲस्परजिलस नायजर ही बुरशी सायट्रिक आम्लाच्या उत्पादनासाठी उद्योगात दीर्घकाळ वापरात होती. तिच्या जनुकसंचात फ्युमोनिसिनच्या परिच्छेदाशी जुळणारा भाग आढळला. अभ्यासक तेथे थांबले नाहीत. बुरशी वाढवून तिचे रसायन तपासले गेले, आणि तीत फ्युमोनिसिन बी२ खरोखरच मिळाले. संहितेने शंका उपस्थित केली, रसायनाने निर्णय दिला. जपानी बुरशीच्या बाबतीत शंका तीच, निर्णय उलट. वाचनाचे काम शंका नेमकी करण्याचे आहे. ते निर्णयाच्या आसनावर बसले की बिघाड होतो.

तेव्हा अशा प्रकारचा कोणताही निबंध हाती आला असता पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्यास चार प्रश्न विचारावेत. जनुक आहे असे म्हटले आहे, ते पूर्ण आहे काय, आणि त्याचे कार्य प्रयोगाने पाहिले आहे काय? नाही असे म्हटले आहे, ते कोणत्या नमुन्याने शोधले होते? ज्या प्रतीचे वाचन झाले ती कोणत्या पिकाची, कोणत्या मुलखाची? आणि विष म्हटले आहे, ते कोणास? या प्रश्नांची उत्तरे निबंधात नसतील तर निबंध खोटा ठरत नाही; तो अपुरा ठरतो, आणि अपुऱ्यास पुरे मानणे हा वाचकाचा दोष होतो.

शेतकरी बाजरीचे बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो, वर तरंगलेले अरगट काढून टाकतो आणि तळाशी बसलेले बी धुऊन वाळवितो. बीचे रूप नव्हे, त्याचे वर्तन तो पाहतो. जनुकसंचाची यादी हाती असलेल्या संशोधकाने निदान एवढी तरी पायरी उतरली पाहिजे: नाव वाचून न थांबता वस्तू पाण्यात टाकून पाहावी. खडखड्याने लोळलेले ताट केमच्या काळ्या रानात आहे. त्यातील बुरशीचा पाठ तेथूनच घ्यावा लागेल, आणि तिच्या विषाची साक्ष अखेर त्या ताटाकडूनच मिळवावी लागेल.